चष्म्याचा नंबर लेसरने घालवण्यासाठी डोळा योग्य आहे का, हे कशावरून ठरते?

प्रश्न एका वडिलांचा आहे. मुलीचे वय २३ वर्षे. उजव्या डोळ्याचा नंबर उणे ५.५०, डाव्याचा उणे ६.२५ आणि त्यात उणे १.०० सिलिंडर, म्हणजे एका ठरावीक दिशेतला जादा नंबर. गेली सहा वर्षे ती मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. वैशाखात लग्न ठरले आहे आणि त्याआधी चष्मा जावा अशी तिची इच्छा आहे. एका केंद्रात तपासणी करून ‘लेसर होईल, पुढच्या आठवड्यात या’ असे सांगण्यात आले. दुसऱ्या डॉक्टरांनी तेच अहवाल पाहून ‘सध्या करू नये’ असे सांगितले आणि डाव्या कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराच्या, खालच्या भागातील चढ संशयास्पद असल्याची नोंद कागदावर केली. कॉर्नियाची जाडी उजवीकडे ५०२ आणि डावीकडे ४९६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे. दोघांपैकी कोणाचे खरे मानायचे आणि लेसरसाठी माणूस योग्य आहे की नाही हे मुळात कसे ठरते, असे त्यांनी विचारले आहे.

डोळा प्रत्यक्ष न पाहता अंतिम मत देता येत नाही. तरीही आपण लिहिलेल्या आकड्यांवरून मला विचाराल तर मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. पहिल्या डॉक्टरांनी फसवले असे मात्र मला म्हणायचे नाही. त्यांनी बहुधा जाडीचा हिशेब मांडला आणि तो जेमतेम का होईना, बसतो. दुसऱ्यांनी हिशेबाबरोबर आकारही पाहिला. या दोन गोष्टींतला फरक समजला की आपल्या प्रश्नाचा बराचसा उलगडा होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

डोळ्यात शिरणारा प्रकाश आतल्या बाजूच्या पडद्यावर नेमका एकवटण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम घड्याळाच्या काचेसारखी असलेली ही कॉर्निया करते आणि उरलेले काम आतले नैसर्गिक भिंग करते. उणे नंबर असणाऱ्या बहुतेकांच्या कॉर्नियात मुळात काहीच बिघाड नसतो. त्यांचा डोळा पुढून मागे प्रमाणापेक्षा लांब झालेला असतो आणि त्यामुळे प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. सर्वसाधारण प्रौढ डोळ्याची लांबी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असते आणि ती एका मिलिमीटरने वाढली तर नंबर साधारण अडीच ते तीनने वाढतो. लेसर ही लांबी कमी करू शकत नाही. ते कॉर्नियाच्या मध्यभागातून अत्यंत पातळ थर काढून त्याचा उंचवटा किंचित सपाट करते आणि लांब डोळ्याला जुळेल अशी नवी काच पुढे तयार करते. म्हणजे दोष एका जागी असतो आणि दुरुस्ती दुसऱ्या, निरोगी जागी केली जाते. त्या निरोगी जागेला ही दुरुस्ती आयुष्यभर पेलवेल का, याचाच शोध योग्यता ठरवताना आम्ही घेत असतो.

(जाता जाता एक गोष्ट सांगतो. या शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या एक्सायमर लेसरने सजीव ऊती आजूबाजूला न भाजता सूक्ष्म मापाने काढता येते, हे १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रथम दिसले आणि ते पाहणाऱ्या संघातले एक प्रमुख शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन हे मूळचे मद्रासचे. प्रयोगासाठी त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेले टर्कीचे हाड आणि कुर्चा वापरली होती.)

आता हिशेब. साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या भागावर उपचार करायचा असेल तर प्रत्येक एक नंबरामागे साधारण १४ मायक्रॉन ऊती काढावी लागते. उजव्या डोळ्याच्या साडेपाच नंबरासाठी ७७ मायक्रॉन लागतील. डावीकडे सिलिंडर धरून सर्वांत जास्त दुरुस्ती सव्वासात नंबरांची होते, म्हणजे सुमारे १०१ मायक्रॉन. लेसिक या प्रचलित पद्धतीत त्याआधी सुमारे ११० मायक्रॉन जाडीची पापुद्र्यासारखी झडप उचलावी लागते. ती नंतर जागेवर बसवली जाते आणि चिकटते, परंतु कॉर्नियाच्या मजबुतीत तिचा वाटा पुन्हा पूर्वीसारखा धरता येत नाही. तेव्हा उजवीकडे ५०२ मधून ११० आणि ७७ वजा केल्यावर ३१५ मायक्रॉन उरतात, डावीकडे ४९६ मधून ११० आणि १०१ वजा केल्यावर २८५. झडपेखाली किमान २५० मायक्रॉन शिल्लक राहावेत हा जुना, सर्वमान्य नियम आहे आणि त्या नियमात दोन्ही डोळे बसतात. पहिल्या केंद्राचा होकार बहुधा इथून आला असावा.

परंतु २५० ही काठावरची रेषा आहे आणि आज बहुतेक शल्यचिकित्सक २८० ते ३०० खाली जायला नाखूष असतात. आणखी एक कसोटी अशी की झडप आणि काढलेली ऊती मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त भाग हलवला जाऊ नये. आपल्या मुलीच्या उजव्या डोळ्यात हे प्रमाण ३७ टक्के येते, डाव्यात साडेबेचाळीस. कोणी म्हणेल की उपचाराचा व्यास सहा मिलिमीटर ठेवा, म्हणजे प्रत्येक नंबरामागे १२ मायक्रॉनच लागतील. ते गणिताने बरोबर आहे, पण तेविशीतल्या मुलीची बाहुली रात्री मोठी होते आणि उपचार केलेल्या भागाची कड बाहुलीच्या आत आली की समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवती वलये दिसू लागतात. ऊती वाचवण्याची किंमत अशी दुसरीकडे मोजावी लागते.

इथपर्यंत जाडीचे झाले. जाडी कमी आहे एवढ्यावरून मी सहसा कोणाला नाकारत नाही. ४८० मायक्रॉनची, पण सुडौल कॉर्निया आणि नंबर फक्त उणे दोन असेल तर विचार करता येतो. उलट ५५० मायक्रॉनची कॉर्निया आकाराने संशयास्पद असेल तर मी हात लावणार नाही. पेंटाकॅमसारख्या यंत्राने काढलेला रंगीत नकाशा आपल्या फाइलमध्ये असेल. त्यात कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही पृष्ठभागांचे चढउतार आणि प्रत्येक बिंदूची जाडी दिसते. निरोगी कॉर्नियाचा नकाशा वरखाली बऱ्यापैकी सारखा असतो, सिलिंडर असेल तर मध्ये आवळलेल्या डमरूसारखा दिसतो, आणि सर्वांत पातळ जागा मध्याच्या जवळ असते. खालचा भाग वरच्यापेक्षा स्पष्टपणे उभट असेल, सर्वांत पातळ जागा खाली सरकलेली असेल, त्याच जागी मागचा पृष्ठभाग फुगलेला असेल किंवा दोन डोळ्यांचे नकाशे एकमेकांशी जुळत नसतील तर आमच्या मनात एकच शब्द येतो, तो म्हणजे केराटोकोनस.

या विकारात कॉर्निया हळूहळू पातळ होत शंकूसारखी पुढे येते. तो बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि तिशी-पस्तिशीपर्यंत वाढू शकतो. सुरुवातीला चष्म्याने नजर अगदी पूर्ण येते, त्यामुळे रुग्णाला काही कळत नाही. अशा दबलेल्या अवस्थेतील डोळ्यावर लेसर केले तर आधीच कमकुवत असलेली भिंत आणखी पातळ होते आणि काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी ती आतल्या दाबाने पुढे येऊ लागते. लेसिकनंतरच्या या गुंतागुंतीला एक्टेशिया म्हणतात आणि वैद्यकीय नियतकालिकांत तिच्या नोंदी १९९८ पासून आहेत. ती क्वचित होते. पण ज्याला होते त्याचा चष्मा तर परत येतोच, शिवाय तो लावूनही नीट दिसत नाही. मग रायबोफ्लेविन आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया घट्ट करणारे क्रॉस-लिंकिंग करावे लागते, कडक लेन्स घालाव्या लागतात आणि फार पुढे गेले तर नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाचे रोपण करावे लागते. क्रॉस-लिंकिंगने वाढ थांबते, झालेली हानी बहुतांशी तशीच राहते.

आपल्याकडे याबाबत अधिक सावध राहायला कारण आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या साडेचार हजारांहून अधिक माणसांची डोळ्यांची तपासणी झाली होती आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत केराटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के आले. त्या पाहणीत कॉर्नियाचा उभटपणा एका मर्यादेपुढे गेला की विकार मानला होता, त्यामुळे आकडा थोडा सैल धरला पाहिजे. तरीही तो पाश्चात्त्य देशांतल्या जुन्या पुस्तकांत दिलेल्या प्रमाणापेक्षा बराच मोठा आहे. भर म्हणून आपल्याकडे धूळ आणि उन्हाळ्यात बळावणारी डोळ्यांची ॲलर्जी पुष्कळ. ॲलर्जी म्हणजे खाज, आणि खाज म्हणजे बोटांच्या मागच्या सांध्यांनी डोळे रगडणे, जे कॉर्नियाला सर्वांत अधिक जाचते. म्हणून आपल्याला माझे दोन प्रश्न आहेत. मुलीला लहानपणापासून डोळे चोळण्याची सवय आहे का? आणि घरात, सख्ख्या किंवा चुलत-मामे भावंडांत कोणाला केराटोकोनस किंवा दर वर्षी वाढणारे सिलिंडर आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर ते नकाशाइतक्याच गांभीर्याने डॉक्टरांना सांगावे. ‘त्याचा इथे काय संबंध’ असे वाटून ही माहिती बहुतेक घरांतून आमच्यापर्यंत येतच नाही.

अमेरिकेतील डॉ. रँडलमन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलेली धोक्याची गुणपद्धती अनेक ठिकाणी वापरली जाते. तीत वय तिशीच्या आत असेल, जाडी ५१० मायक्रॉनपर्यंतच असेल किंवा उरणारी जाडी ३०० च्या खाली जात असेल, तर प्रत्येक कारणासाठी धोक्याचे गुण मिळतात आणि नकाशातल्या विषमतेला बरेच जास्त. बेरीज चार किंवा त्याहून अधिक झाली की धोका मोठा मानतात. आपल्या मुलीच्या डाव्या डोळ्याला वय, जाडी आणि शिल्लक या तिन्हींत गुण पडतात, आणि त्यात संशयास्पद नकाशा मिळवला की बेरीज कुठे जाते हे वेगळे सांगायला नको. ही पद्धत अचूक नाही, तिच्यावर टीकाही झाली आहे. पण एकेकटे पाहिले तर किरकोळ वाटणारे धोके एकत्र आल्यावर काय होते, हे ती चांगले दाखवते.

‘मग लेसिक नको, स्माइल करा’ किंवा ‘पृष्ठभागावरचे पीआरके करा’ असा सल्ला आपल्याला आता मिळेल. स्माइलमध्ये झडप नसते. लेसरने कॉर्नियाच्या आतच भिंगाच्या आकाराची एक चकती तयार करून ती दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर काढतात. पीआरकेमध्ये वरची नाजूक त्वचा खरवडून किंवा लेसरनेच काढून थेट पृष्ठभागावर काम करतात. त्यात तीन-चार दिवस चांगलेच दुखते, नजर स्थिरावायला काही आठवडे लागतात आणि नंबर मोठा असेल तर कॉर्नियावर धुरकटपणा येण्याची शक्यता वाढते. दोन्ही पद्धतींना त्यांची जागा आहे. कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग खेळणाऱ्यांना मी झडपेची शस्त्रक्रिया सुचवत नाही, कारण जोराचा मार लागून झडप अनेक वर्षांनीही सरकू शकते. सुडौल पण पातळ कॉर्नियाला पीआरके बऱ्याचदा सोयीचे पडते. परंतु संशय आकाराबद्दल असेल तर पद्धत बदलून तो दूर होत नाही. तिन्हींत ऊती काढावीच लागते आणि एक्टेशियाच्या नोंदी तिन्हींनंतर आहेत. जाहिराती यंत्रांच्या आणि पद्धतींच्या नावाने होतात, त्यामुळे रुग्ण ‘तुमच्याकडे अमुक मशिन आहे का’ असे विचारत येतात. मला वाटते, पहिला प्रश्न ‘माझा नकाशा मला समजावून सांगाल का’ हा असावा.

आता एक शक्यता मुलीच्या बाजूची. ती रोज लेन्स वापरते. लेन्सच्या सततच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशात केराटोकोनससारखी खोटी विषमता उमटू शकते. म्हणून तपासणीआधी साध्या मऊ लेन्स किमान एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन ते चार आठवडे बंद ठेवाव्या लागतात. सिलिंडरच्या मऊ लेन्स असतील तर पूर्ण दोन आठवडे. आदल्या रात्री लेन्स काढून सकाळी केलेल्या नकाशावरून होकारही देऊ नये आणि कायमचा नकारही. तपासणीच्या वेळी लेन्स किती दिवस बंद होत्या हे आपण लिहिलेले नाही, आणि ते महत्त्वाचे आहे.

वयाची आणि नंबर स्थिर असण्याची अट आपल्याला माहीत असेलच. अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याने संमती देता येते, एवढाच त्या अठराचा अर्थ. डोळा त्या वाढदिवशी वाढायचा थांबतो असे नाही. अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात बुडालेल्या मुलांचा नंबर बावीस-तेविशीपर्यंत सरकताना मी नेहमी पाहतो. त्यामुळे गेल्या वर्षभरात अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक नसावा ही किमान अट, आणि दोन वर्षांचा पुरावा असेल तर अधिक चांगले. हा पुरावा तोंडी चालत नाही. चष्म्याच्या दुकानातले जुने कागद शोधून आणावेत, ते नसतील तर जुना चष्मा आणावा, त्यावरून नंबर मोजता येतो. बाहुली मोठी करणारे थेंब टाकूनही नंबर तपासलेला असला पाहिजे. तरुण डोळा सतत जवळचे पाहून आखडलेला असतो आणि थेंबांशिवाय त्याचा उणे नंबर खऱ्यापेक्षा जास्त निघू शकतो. तो तसाच लेसरने उडवला तर माणूस उणेऐवजी अधिकचा (प्लस) नंबर घेऊन बसतो आणि पुढे वाचताना डोके धरतो. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना संप्रेरकांमुळे नंबर, कॉर्निया आणि अश्रू या तिन्हींत बदल होतो, तेव्हा त्या काळात मोजमापही नको आणि शस्त्रक्रियाही नको.

कोरड्या डोळ्यांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण शस्त्रक्रियेनंतर माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही तक्रार सर्वांत पुढे असते. कॉर्नियात संवेदना देणाऱ्या बारीक नसांचे दाट जाळे आहे. डोळा कोरडा पडला की याच नसा मेंदूला कळवतात आणि पाणी सुटते. लेसिकची झडप कापताना यातल्या बऱ्याच नसा तुटतात, स्माइलमध्ये त्या मानाने कमी. त्या पुन्हा वाढेपर्यंत, म्हणजे साधारण तीन ते सहा महिने, कधी त्याहून अधिक काळ, डोळ्यात खुपणे, जळजळ होणे आणि दिवस कलला की नजर धूसर होणे चालू राहते. ज्याचे अश्रू आधी पुरेसे असतात तो हा काळ थेंब घालून पार करतो. पण हिंजवडीत किंवा बंगळुरूत दहा-दहा तास वातानुकूलित खोलीत संगणकाच्या पडद्याकडे टक लावून बसणारे, पापण्यांच्या कडांतील तेलग्रंथी तुंबलेले किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असलेले तरुण आधीच कोरड्या डोळ्यांनी आलेले असतात. त्यांतल्या अनेकांचे म्हणणे असते, ‘लेन्स आता सहन होत नाहीत, म्हणूनच लेसर करायचे आहे.’ लेन्स का सहन होत नाहीत याचे उत्तर बहुधा कोरडेपणा हेच असते आणि लेसर तो वाढवणार असते. कागदाची पट्टी लावून अश्रूंचे मोजमाप आणि अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो याची तपासणी व्हायला हवी. दोष आढळला तर आधी दोन-तीन महिने त्यावर उपचार करून मगच पुन्हा विचार करावा. ती गोळी चालू असेल तर ती बंद झाल्यावर मी सहा महिने थांबतो.

अंगातल्या इतर आजारांची यादी मोठी आहे, पण थोडक्यात आटोपता येते. आटोक्यात नसलेला मधुमेह, संधिवात किंवा ल्युपससारखे रोगप्रतिकारशक्तीचे विकार, स्टेरॉइडसारखी जखम भरण्यात अडथळा आणणारी औषधे आणि डोळ्यात पूर्वी होऊन गेलेली नागिणीसारखी हर्पिस विषाणूंची लागण या गोष्टी शस्त्रक्रियेच्या विरोधात जातात. काचबिंदू असेल किंवा त्याचा संशय असेल तर विचार वेगळा करावा लागतो, कारण पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो आणि वाढता काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. एकच डोळा कामाचा असेल तर त्या डोळ्यावर मी लेसर करत नाही, नंबर कितीही साधा असो.

पडद्याची, म्हणजे रेटिनाची, तपासणी मात्र मोठ्या उणे नंबरात टाळू नये. लांबलेल्या डोळ्याचा पडदा ताणलेला असतो आणि त्याच्या कडेला पातळ जागा किंवा बारीक छिद्रे असू शकतात. छिद्र सापडले तर त्याभोवती वेगळ्या लेसरने बांध घालून काही आठवड्यांनी पुढचे पाहता येते. पण एक गैरसमज अगदी शिकलेल्या घरांतही आढळतो, की लेसर करून नंबर गेला म्हणजे मोठ्या नंबराचे धोकेही गेले. डोळ्याची लांबी तेवढीच राहिलेली असते. अचानक चमका दिसल्या, काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले तर चष्मा असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते.

आपल्या मुलीला लागू नसला तरी चाळिशीचा मुद्दा आपल्याला स्वतःला कदाचित लागू होईल. माझ्याकडे ४४ वर्षांचे एक सोनार आले होते. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे अडीच आणि डोळे प्रत्येक कसोटीला उतरणारे. त्यांना विचारले की दागिन्यातले बारीक काम कसे करता, तर म्हणाले, ‘चष्मा काढून.’ उणे अडीच नंबराच्या डोळ्याला चष्म्याविना बरोबर ४० सेंटिमीटरवर स्वच्छ दिसते आणि तेच त्यांच्या कामाचे अंतर होते. लेसर केले असते तर रस्त्यावरचा चष्मा गेला असता आणि दुकानात, दिवसातले आठ तास, नाकावर चाळिशी आली असती. एक डोळा दूरसाठी आणि एक जवळसाठी असा मार्ग असतो, पण दोन्ही डोळ्यांची एकत्र खोली जोखण्यावर ज्याचे पोट आहे त्याला तो मानवत नाही. ते चष्म्यासहच परत गेले आणि माझ्या मते त्यांचा निर्णय बरोबर होता. डोळा योग्य असणे आणि माणूस योग्य असणे यांत असे अंतर पडू शकते.

नोकरीसाठी लेसर करणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे, म्हणून तेही सांगतो. हवाई दलाच्या वैद्यकीय निकषांत ज्या शाखांना ही शस्त्रक्रिया चालते तिथेही ती वयाच्या विसाव्या वर्षाआधी झालेली नसावी, तिला किमान १२ महिने झालेले असावेत, डोळ्याची लांबी २५.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि कॉर्नियाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी अशा अटी आहेत. लांबीची अट पाहिली की मोठ्या उणे नंबराचे बहुतेक उमेदवार कितीही उत्तम शस्त्रक्रिया झाली तरी बाहेर पडतात हे लक्षात येईल. रेल्वेत सहायक लोको पायलटसारख्या पदांसाठी लेसिक झालेला उमेदवार अपात्रच ठरतो. म्हणजे नोकरी मिळावी म्हणून केलेली शस्त्रक्रियाच तिथे नोकरी घालवते. निकष पदागणिक वेगळे असतात आणि बदलतात, त्यामुळे चालू जाहिरातीतील वैद्यकीय परिशिष्ट वाचून मगच डॉक्टरांकडे यावे. तपासणीत लेसर झाल्याचे कळत नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. नकाशात ते स्वच्छ दिसते.

आपल्या मुलीपुढे पर्याय कोणते, हे आता पाहू. पुढच्या तपासणीतही संशय कायम राहिला तर कॉर्नियाला हात न लावता नैसर्गिक भिंगाच्या पुढे, बाहुलीच्या मागे एक पातळ लेन्स बसवता येते. तिला आयसीएल म्हणतात. तिने लेसरच्या आवाक्याबाहेरचे मोठे नंबरही दुरुस्त होतात आणि गरज पडल्यास ती काढता येते. त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली साधारण २.८ ते ३ मिलिमीटर तरी लागते आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशींची संख्या पुरेशी लागते. ही डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे. जंतुसंसर्ग, दाब वाढणे, लवकर मोतीबिंदू होणे हे धोके कमी असले तरी आहेत, खर्च लेसरपेक्षा बराच जास्त आहे आणि दर वर्षी तपासणी चुकवता येत नाही. शिवाय केराटोकोनस खरेच निघाला आणि तो वाढत असेल तर आधी त्याला थांबवावे लागेल, चष्मा घालवण्याचा विचार त्यानंतरचा. म्हणून ‘लेसर नाही तर आयसीएल’ अशी घाईही मी करणार नाही.

माझा सल्ला असा. लेन्स पूर्ण दोन आठवडे बंद ठेवून नकाशा पुन्हा काढावा, शक्य असेल तर कॉर्नियाच्या वरच्या त्वचेच्या जाडीचा नकाशाही काढावा. आत उंचवटा तयार होत असेल तर नेमकी त्या जागची त्वचा पातळ झालेली दिसते, लेन्सच्या दाबाने आलेल्या विषमतेत ती खूण सहसा नसते. दोन्ही अहवाल घेऊन शक्यतो कॉर्नियातज्ज्ञांचे, आणि ज्यांच्याकडे शस्त्रक्रिया करायची नाही अशांचे मत घ्यावे. विषमता गेली असेल तरी डाव्या डोळ्याचा साडेबेचाळीस टक्क्यांचा हिशेब उरतोच, तेव्हा फार तर पीआरके आणि आयसीएल यांची तुलना समोर ठेवून शांतपणे ठरवावे. विषमता तशीच असेल तर सहा महिन्यांनी त्याच यंत्रावर पुन्हा नकाशा काढून ती वाढते आहे का ते पाहावे. दोन वेगळ्या यंत्रांचे नकाशे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. ॲलर्जी असेल तर थेंब आजच सुरू करावेत आणि डोळे चोळणे आजपासून बंद. पुढे काहीही ठरले तरी हे सर्व अहवाल जपून ठेवावेत. साठीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची वेळ येईल तेव्हा बसवायच्या भिंगाचा नंबर काढण्यासाठी लेसर झालेल्या डोळ्याचे जुने आकडे फार उपयोगी पडतात.

हे सगळे वैशाखाच्या आत बसणार नाही, हे मुलीला स्पष्ट सांगावे. लग्नाच्या दिवशी चष्मा नको असेल तर त्या दिवसापुरत्या रोज टाकून द्यायच्या लेन्स मिळतात, त्या वापराव्यात. पुन्हा नकाशा काढण्याची तारीख त्यानंतरची घ्यावी, म्हणजे मध्ये लेन्स घातल्याने पंधरवडा वाया जाणार नाही. हळदीच्या वेळी मात्र लेन्स डोळ्यात नकोत. अंघोळ झाल्यावर, हात साबणाने धुऊन आणि कोरडे करून, मेकअपच्या आधी त्या घालाव्यात आणि रात्री कितीही उशीर झाला तरी झोपण्यापूर्वी काढाव्यात.